छोट्या एंजिनाचे रंगकाम आणि डिकलांची बैठक

छोट्या आगगाड्यांचा छंद बाळगणाऱ्या वाचकांकडून जी विचारणा वारंवार येते, तिचा आशय बहुधा एकच असतो: एंजिनाला रंग तर मनाजोगा बसला, परंतु त्यावर क्रमांकाची आणि रेल्वेच्या आद्याक्षरांची डिकले लावताच प्रत्येक अक्षराभोवती रुपेरी पापुद्र्याची चौकट उमटली, आणि ती काही केल्या जाईना. कोणी याचा दोष डिकलाच्या कागदाला देतो, कोणी पाण्याला, कोणी स्वतःच्या हाताला. वस्तुतः हा दोष डिकलाखालच्या रंगाच्या पृष्ठभागाचा असतो, आणि तो पृष्ठभाग डिकल लावण्याच्या पुष्कळ आधी, कित्येकदा तर अस्तराचा पहिला हात देतानाच, बिघडलेला असतो. म्हणून रंगकाम आणि डिकल ही दोन निराळी कामे होत, ही सर्वसाधारण समजूत आपण प्रथम सोडून द्यावी आणि साफसफाईपासून अखेरच्या वार्निशापर्यंतचा सारा क्रम एकाच दृष्टीने आखावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

उदाहरणादाखल आपण डब्ल्यूडीएम-२ या डिझेल एंजिनाची १:८७ या प्रमाणातील, म्हणजे एचओ मापाची, प्रतिकृती डोळ्यांसमोर ठेवू. अमेरिकेतील आल्को कंपनीच्या आराखड्यावर बेतलेली ही एंजिने १९६२ पासून आपल्याकडे येऊ लागली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली, आणि पुढे कित्येक दशके प्रवासी गाड्या व मालगाड्या ओढीत राहिली. पुणे-मिरज मार्गाने प्रवास केलेल्या जुन्या वाचकांस त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. सुमारे १७ मीटर लांबीचे हे एंजिन १:८७ मध्ये सुमारे २० सेंटिमीटरांचे होते. त्याच्या लांबलचक बाजूंवर दारांची, बिजागऱ्यांची आणि हवेच्या झडपांची दाटी असल्यामुळे रंग व डिकल या दोहोंचीही तेथे खरी परीक्षा होते.

आधी पुरावा, मग रंग

डब्ल्यूडीएम-२ चा अस्सल रंग कोणता, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, कारण असा एकच रंग नव्हता. निरनिराळ्या शेडांनी निरनिराळ्या काळी या एंजिनांना आपापले रंग आणि पट्टे दिले. यास्तव आपण एका विशिष्ट एंजिनाचे, विशिष्ट काळातील छायाचित्र निवडावे आणि त्यासच प्रमाण मानावे. दोन्ही बाजूंची व दोन्ही टोकांची छायाचित्रे मिळाल्यास उत्तम. शेडचे नाव, क्रमांक आणि आद्याक्षरे देवनागरीत कोठे आणि रोमन लिपीत कोठे, हे चारही अंगांस सारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही.

छायाचित्रातील रंग जसाच्या तसा मिसळून प्रतिकृतीवर चढविला, तर तो घरातील दिव्याखाली अपेक्षेपेक्षा गडद दिसतो. उघड्या आकाशाखाली मोठ्या पृष्ठभागावर दिसणारा रंग आणि हातभर अंतरावरून लहान वस्तूवर दिसणारा तोच रंग, यांत डोळ्याला फरक जाणवतो. म्हणून मूळ रंगात किंचित फिकटपणा आणावा. निळ्या-हिरव्यात थोडा पांढरा चालतो. लाल रंगात मात्र पांढरा घालताच गुलाबी छटा येते, तेव्हा तेथे पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचा एखादा थेंब पुरे. काळ्याऐवजी फार गडद करडा वापरला तर झडपांच्या रेषा दिसू लागतात.

एक सूचना येथेच करणे अवश्य आहे. रंग जुळविण्याच्या उत्साहात शेडच्या आवारात किंवा रुळांवर परवानगीवाचून शिरू नये. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये तो शिक्षापात्र गुन्हा आहे. खरी एंजिने राजरोस, जवळून आणि निवांत पाहावयाची असल्यास नवी दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. आणि लहान मापाची एंजिने चालताना कशी दिसतात हे पाहण्यास पुण्यात कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे.

रंगाच्या जाती आणि त्यांचा क्रम

दुकानात शेकडो नावे असली, तरी निर्णयापुरत्या तीन जाती लक्षात ठेवाव्यात.

- लॅकर. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळणारे फवाऱ्याचे डबे पुष्कळदा या जातीचे असतात. थर पातळ व कठीण होतो, आणि काही तासांत वाळतो. याचे द्रावक तीव्र असल्याने जाड हात दिल्यास प्लास्टिकच वितळू लागते. बॉडीच्या आतल्या बाजूस चाचणी घेतल्यावाचून हा रंग बाहेर लावू नये.
- एनॅमल. हंब्रॉलच्या लहान डब्यांतला रंग या जातीचा. कुंचल्याने दिला तरी रेघा आपोआप सपाट होतात, हा याचा मोठा गुण; वाळण्यास दिवस लागतात, हा दोष. दारे-खिडक्यांना देण्याचा घरगुती एनॅमल मात्र इतका दाट असतो की, त्याखाली बिजागऱ्या बुजून जातात.
- ॲक्रिलिक. व्हॅलेहो, तामिया इत्यादी. वास कमी, वाळणे जलद. परंतु एका कंपनीच्या ॲक्रिलिकला दुसरीचे थिनर चालेलच असे नाही. तामियाचा रंग अल्कोहोलवर आधारलेला असून व्हॅलेहोचा पाण्यावर, आणि भलतेच थिनर घातल्यास रंग बाटलीतच फाटतो.

शाळेच्या दप्तरातले पोस्टर रंग या कामी वापरू नयेत. ते वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतात, आणि डिकल तर पाण्यातूनच लावावयाचे असते.

या तिहींना एकमेकांवर चढविताना एक नियम कटाक्षाने पाळावा: तीव्र द्रावकाचा रंग खाली, सौम्य द्रावकाचा वर. लॅकरवर एनॅमल आणि त्यावर ॲक्रिलिक चालते. अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर लॅकरचा फवारा मारल्यास सारा रंग सुरकुत्या पडून उठतो, आणि आठवड्याभराची मेहनत वाया जाते. जुन्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत फ्लॉक्विल या रंगाची शिफारस पानोपानी आढळते. हा रंग आणि त्याच कंपनीचा पॉली स्केल, हे दोन्ही २०१३ मध्ये बंद झाले, तेव्हा त्यांच्या शोधात वाचकांनी वेळ दवडू नये.

साधनाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. एकच एंजिन रंगवावयाचे असेल, तर फवाऱ्याचा चांगला डबा आणि बारीक कामासाठी दोन उत्तम कुंचले पुरेत. चार-पाच एंजिने रंगविण्याचा बेत असेल, तर ०.३ मिलिमीटर तोंडाचा, हवा आणि रंग दोन्ही बोटाने नियंत्रित करता येणारा एअरब्रश व लहान कॉम्प्रेसर घेणे अंती स्वस्त पडते. कारण थराची जाडी ज्या साधनाने आवरता येते तेच येथे श्रेष्ठ. ५० मायक्रॉन जाडीचा रंग आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण १:८७ च्या हिशेबाने तो खऱ्या एंजिनावर ४ मिलिमीटरांहून जाड लेप ठरतो, आणि एवढ्या लेपाखाली कोणत्याही झडपेची धार शिल्लक राहणार नाही.

बॉडी सोडविणे आणि धुणे

बॉडी चेसिसवरून उतरविण्यापूर्वी प्रत्येक टप्प्यास एक छायाचित्र काढावे आणि स्क्रू, काचा, कठडे निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवावेत. मोटर, गिअर, चाकांच्या कडा आणि वीज उचलणाऱ्या पट्ट्या यांना रंगाचा कणही लागता कामा नये. म्हणून चेसिस दुसऱ्या खोलीत ठेवणेच श्रेयस्कर.

बॉडीवर कारखान्याचा रंग असल्यास तो काढावा की त्यावरच रंगवावे, हा प्रश्न येतो. जुना रंग पातळ असून अक्षरे बोटाला जाणवत नसतील, तर त्यावरच बारीक वॉटर पेपर फिरवून पुढे जाण्यास हरकत नाही. अक्षरे उठून जाणवत असतील तर ती नव्या रंगाखालीही दिसत राहतात, आणि मग रंग काढणे भाग आहे. प्लास्टिकच्या बॉडीसाठी ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे; बॉडी झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावी, अधूनमधून मऊ दातांच्या ब्रशने घासावी, आणि प्लास्टिक मऊ पडत नाही ना हे पाहत राहावे. ॲसिटोन प्लास्टिकला विरघळवतो. तो फक्त पितळी बॉडीसाठी. हात धुण्याचे सॅनिटायझर हा अल्कोहोलचा पर्याय नव्हे, कारण त्यात पुष्कळदा ग्लिसरीन असते आणि त्याचा पापुद्रा बॉडीवर मागे राहतो.

डब्ल्यूडीएम-२ ची बॉडी आता पुष्कळ छंदी लोक त्रिमितीय छपाईने करून घेतात. अशा बॉडीवर छपाईच्या आडव्या रेषा असतात, आणि एंजिनाच्या सपाट बाजूवर त्या रंगानंतर अधिकच ठळक होतात. प्रथम अस्तराचा दाट हात, मग ६०० आणि त्यानंतर १००० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्यासह, खाचा राहिल्यास बारीक लांबी, पुन्हा अस्तर, असा क्रम रेषा नाहीशा होईपर्यंत चालू ठेवावा. पितळी बॉडीस धातू धरून ठेवणारे एचिंग प्रायमर लागते. साधे अस्तर पितळावरून टेपबरोबर पापुद्र्यासारखे निघून येते.

शेवटी कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा द्रव साबण यांनी बॉडी धुवावी, स्वच्छ पाण्याने खळबळावी आणि झाकून वाळू द्यावी. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर व रेझिनवर साचा सुटण्यासाठी लावलेल्या तेलाचा अंश राहतो, आणि तो डोळ्यांस दिसत नाही. येथून पुढे बॉडीला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. पातळ हातमोजे घालावेत, किंवा बॉडी आतून लाकडी पट्टीवर बसवून त्या पट्टीनेच धरावी.

अस्तर आणि रंगाचे हात

अस्तराचे काम दोन प्रकारचे असते: रंगाला पकड देणे आणि बॉडीचे निरनिराळे भाग एकरंगी करणे. लाल, पिवळा, मलईरंगी यांच्याखाली पांढरे किंवा फिकट करडे अस्तर घ्यावे. गडद अस्तरावर पिवळा रंग पाच हात देऊनही मळकट राहतो. दिवे लागणारे एंजिन असल्यास बॉडीची आतली बाजू आधी काळी करावी, नाहीतर अंधारात प्लास्टिकमधून प्रकाश झिरपतो.

एअरब्रशमध्ये रंग दुधाइतका पातळ करावा, दाब १५ ते २० पीएसआय ठेवावा, अंतर १० ते १५ सेंटिमीटर ठेवावे. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, म्हणजे टोकाला ओघळ येत नाहीत. पहिला हात इतका हलका असावा की खालचे अस्तर दिसावे. दुसऱ्याने रंग एकसंध व्हावा. तिसरा केवळ गरज असल्यास. एका हातात सारे झाकण्याचा मोह आवरावा. फवाऱ्याचा डबा वापरणाऱ्यांनी तो आधी काही मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवावा, त्याने कण बारीक होतात. शेगडीवर किंवा उकळत्या पाण्यात तो कधीही धरू नये.

महाराष्ट्रात ऋतूचा हिशेब ठेवल्यावाचून हे काम होत नाही, आणि परदेशी पुस्तकांत याबद्दल जे लिहिलेले असते ते आपल्या हवेस पुरत नाही. मुंबई-कोकणात आषाढ-श्रावणात लॅकरचा फवारा मारला, तर द्रावक वेगाने उडून पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी साय येते. अशा दिवसांत लॅकर टाळावा, कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडविणारा सापळा बसवावा, आणि पाऊस उघडलेली दुपार साधावी. याच्या उलट विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात रंगाचा कण बॉडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तेथे सकाळी लवकर काम करावे, अंतर कमी करावे आणि ॲक्रिलिकमध्ये वाळणे लांबविणारे रिटार्डर थोडे घालावे. हा खरखरीतपणा विशेष घातक आहे, कारण रंगाच्या दृष्टीने तो फारसा जाणवत नाही, परंतु डिकलांच्या रुपेरी चौकटींचे मूळ पुष्कळदा तोच असतो.

रंग वाळला की नाही, हे बोटाने पाहू नये. बॉडी नाकाजवळ धरून वास घ्यावा. वास येत असेल तोवर द्रावक आतून बाहेर पडतच आहे. एनॅमलला कोरड्या हवेत किमान दोन दिवस, पावसाळ्यात आठवडाही लागतो. ॲक्रिलिक काही मिनिटांत स्पर्शाला कोरडे वाटते, तरी त्यावर टेप लावण्यापूर्वी एक दिवस थांबावे.

पट्ट्याची कडा

बाजूंवरून जाणारा रुंद पट्टा डिकलाने लावावा की रंगाने, असे पुष्कळजण विचारतात. डब्ल्यूडीएम-२ च्या बाजूला इतक्या दारांच्या कडा आणि बिजागऱ्या आहेत की, वीस सेंटिमीटर लांबीचे डिकल त्यांवर सरळ आणि घट्ट बसविणे निष्णात हातालाही अवघड जाते. म्हणून रुंद पट्टा रंगानेच द्यावा आणि केवळ त्याच्या कडेच्या बारीक रेषा डिकलासाठी ठेवाव्यात.

फिकट रंग प्रथम द्यावा. तो पुरता वाळल्यावर पट्ट्याच्या जागी मॉडेलकामाची पातळ मास्किंग टेप लावावी; हार्डवेअरच्या दुकानातील खाकी टेप जाड असते आणि तिची कडा दातेरी निघते, तेव्हा ती वापरावयाची झाल्यास काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने तिची कडा सरळ कापून घ्यावी. टेप दारांच्या खाचांत नखाने न दाबता लाकडी टोकाने दाबावी. मग गडद रंग देण्यापूर्वी टेपच्या कडेवर खालच्याच फिकट रंगाचा एक हलका हात द्यावा: जे काही झिरपावयाचे ते फिकटच झिरपते आणि कडेतील फटी बुजून जातात. त्यावर गडद रंगाचे दोन हलके हात द्यावेत आणि रंग अगदी कडक होण्यापूर्वी टेप स्वतःवरच उलटी दुमडून, पृष्ठभागालगत, सावकाश ओढावी.

डिकलांचा तक्ता निवडताना

अमेरिकी रेल्वेंची तयार डिकले मायक्रोस्केलसारख्या कंपन्या विकतात. भारतीय एंजिनांसाठी बहुधा छापून घ्यावी लागतात. येथे अडचण पांढऱ्या शाईची आहे. घरातील छपाईयंत्र पांढरा रंग छापत नाही, आणि गडद बॉडीवर मलईरंगी क्रमांक पारदर्शक कागदावर छापल्यास तो बॉडीच्या रंगात लुप्त होतो. पांढऱ्या तळाच्या डिकल-कागदावर अक्षराभोवती बॉडीचाच रंग छापण्याची युक्ती सांगितली जाते. पण छापलेला आणि फवारलेला रंग कधीही तंतोतंत जुळत नाही, आणि हे ठिगळ दुरूनही दिसते. तेव्हा पांढरी शाई वापरणाऱ्या व्यावसायिकाकडून तक्ता छापून घेणे हाच योग्य मार्ग. गडद अक्षरे घरी इंकजेटवर छापलीच, तर पाण्यात घालण्यापूर्वी त्यांवर पारदर्शक वार्निशाचे दोन हात द्यावेत, एरवी शाई पाण्यात उतरते.

छपाईस मजकूर देताना मापाचा विचार करावा. खऱ्या एंजिनावरील १५ सेंटिमीटरांचे अक्षर १:८७ मध्ये सुमारे १.७ मिलिमीटरांचे होते. एवढ्या आकारात देवनागरीची शिरोरेषा आणि मात्रा प्रथम बिघडतात: शिरोरेषा जाड होऊन अक्षराचा गळा भरते, किंवा मात्रा तुटक छापली जाते. म्हणून बारीक टोके नसलेले, एकसारख्या जाडीचे वळण निवडावे, प्रथम साध्या कागदावर खऱ्या मापात छापून भिंगाखाली वाचून पाहावे, आणि मगच तक्त्याची ऑर्डर द्यावी. प्रत्येक क्रमांकाच्या किमान दोन प्रती मागवाव्यात. सरावासाठी एखादे नको असलेले अक्षरही असावे.

पारदर्शक पापुद्रा तक्त्यावर सलग पसरलेला आहे की प्रत्येक अक्षरापुरताच आहे, हे छापणाऱ्यास विचारून घ्यावे. सलग असल्यास प्रत्येक डिकल नव्या ब्लेडने अक्षराच्या अगदी लगत कापावे लागते.

डिकल लावणे

निस्तेज, मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर डिकल ठेवले की पापुद्रा उंचवट्यांवर टेकतो, मधल्या खळग्यांत हवा कोंडली जाते, आणि त्या हवेवरून परतणारा प्रकाश म्हणजेच ती रुपेरी चौकट. म्हणून डिकलांपूर्वी साऱ्या बॉडीला तकाकी असलेल्या पारदर्शक वार्निशाचे दोन हलके हात द्यावेत व ते पूर्ण वाळू द्यावे. ज्यांनी रंगच मुळात गुळगुळीत व चमकदार दिला असेल, त्यांना या हाताची गरज नाही.

मग एका वेळी एकच डिकल घ्यावे. ते चिमट्याने धरून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवावे आणि टिपकागदावर ठेवावे; पाण्यातच तरंगत राहू दिल्यास त्याचा गोंद धुऊन जातो. दरम्यान बॉडीवरील जागी मायक्रो सेट किंवा तत्सम द्रवाचा थेंब कुंचल्याने पसरावा. हा द्रव पृष्ठभाग ओला करून डिकलास पकड देतो. मिनिटभराने डिकल कागदावरून सरकू लागले की कागद बॉडीला टेकवून ओल्या कुंचल्याने ते अलगद जागी सरकवावे. बोटाने ओढू नये. क्रमांक आडवा सरळ आहे की नाही हे दारांच्या वरच्या कडेवरून, बॉडी डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहावे. जागा ठरली की मऊ कागदाने पाणी मध्यातून कडांकडे टिपून घ्यावे.

डिकल जागीच बसल्याची खात्री झाल्यावर मायक्रो सोल लावावे. हा द्रव पापुद्रा मऊ करून त्याला बिजागऱ्यांवर, झडपांच्या खाचांत रंगासारखा बसवितो. लावताच डिकलावर भयावह सुरकुत्या पडतात. येथेच नवशिके घाबरून कुंचला फिरवितात आणि डिकल फाटते. ते तसेच सोडून द्यावे. सुरकुत्या वाळताना आपोआप निवळतात. दाराच्या फटीवरून डिकल गेले असेल, तर वाळल्यानंतर फटीच्या रेषेत ब्लेडने छेद द्यावा आणि पुन्हा एकदा सोल लावावे. एका बाजूचे काम पूर्ण करून रात्रभर ठेवावे, आणि मगच दुसरी बाजू घ्यावी.

सर्व डिकले वाळल्यावर ओलसर मऊ फडक्याने गोंदाचे डाग पुसून काढावेत, अन्यथा ते पुढील वार्निशाखाली पिवळट दिसतात.

बिघडले तर

- रुपेरी चौकट दिसते: सुईने पापुद्र्यास अनेक सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांवर मायक्रो सोल लावावे, गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा. फार मोठी चौकट असल्यास डिकल काढून, वार्निशाचा हात देऊन, दुसरे लावणे बरे.
- डिकलाचे पाण्यात तुकडे होतात: तक्ता जुना आहे. उरलेल्या तक्त्यावर द्रवरूप डिकल-फिल्मचा हात देऊन वाळवावे आणि मग कापावे.
- डिकल दुमडून स्वतःला चिकटले: ओढाताण न करता ते पुन्हा पाण्यात सोडावे, तेथे ते बहुधा उलगडते.
- जुन्या तक्त्याचा पापुद्रा पिवळा पडला: तक्ता काही दिवस उन्हाच्या खिडकीत लावून पाहावा, पिवळेपणा कमी होतो.

अखेरचे वार्निश आणि जोडणी

डिकलांवर अखेर अर्धतकाकीचे वार्निश द्यावे. ते अक्षरांना संरक्षण देते आणि रंग व डिकल यांची चमक एकसारखी करते. नुकत्याच रंगून आलेल्या एंजिनाला थोडी अधिक तकाकी शोभते. रोज राबणाऱ्या एंजिनाला मॅट. धूर व धूळ दाखवावयाची असल्यास धुराड्याच्या तोंडाशी काळपट खडूची बारीक पूड, आणि बोगींवर ब्रेकच्या धुळीचा तपकिरी रंग, इतकेच प्रथम करावे. साऱ्या बॉडीवर गंज पसरण्याचा मोह टाळावा, कारण जे एंजिन चालू आहे ते इतके गंजत नाही. काचा वार्निशानंतरच बसवाव्यात, एरवी त्या धुरकट होतात.

आरोग्य, प्रवास आणि आपले हक्क

लॅकर आणि एनॅमल यांचा फवारा मारताना सेंद्रिय बाष्प शोषणारी डबी असलेला मुखवटा वापरावा. कापडी किंवा धुळीचा मुखवटा बाष्प अडवीत नाही. खिडकी उघडी असावी, आणि त्याच खोलीत गॅस, समई, उदबत्ती पेटलेली नसावी.

थिनर आणि फवाऱ्याचे डबे बरोबर घेऊन आगगाडीने प्रवास करू नये. ज्वालाग्राही वस्तू बेकायदेशीरपणे नेल्यास रेल्वे अधिनियमाच्या कलम १६४ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमानाच्या सामानातही हे जिन्नस चालत नाहीत. म्हणून अमेरिकेत किंवा इंग्लंडात असलेल्या आप्तांकडून डिकलांचे तक्ते मागवावेत, ते पाकिटात येतात; रंग मात्र येथेच घ्यावा.

तक्ता सदोष निघाला किंवा वर्णनाप्रमाणे नसला, तर आपण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार घेऊ शकता. प्रथम विक्रेत्यास छायाचित्रांसह लेखी कळवावे. दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा आयोगाकडे तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यातच, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्क नाही. पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या मालाला मात्र हे संरक्षण सहसा मिळत नाही.

रंगविलेली एंजिने विकण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी रेल्वे कंपन्यांच्या चिन्हांचा प्रश्न ध्यानात ठेवावा. अमेरिकेत युनियन पॅसिफिक कंपनीने आपल्या चिन्हांच्या वापराबद्दल २००४ मध्ये अथर्न आणि लायोनेल या मॉडेल-कंपन्यांवर दावे लावले होते. २००६ मध्ये एमटीएच या कंपनीशी झालेल्या तडजोडीनंतर मॉडेल बनविणाऱ्यांना स्वामित्वशुल्काशिवाय परवाना मिळू लागला. घरच्या रुळांवर एक एंजिन फिरविणाऱ्याला याची चिंता नाही, परंतु विक्री करणाऱ्याने त्या त्या कंपनीची अट आधी पाहावी.

आणि ज्यांना हे सारे स्वतः करावयाचे नसून दुसऱ्याकडून रंगवून घ्यावयाचे आहे, त्यांनी रंगकाम करणाऱ्याशी तोंडी बोलण्यावर विसंबू नये. एंजिनाचा क्रमांक व काळ, प्रमाण मानलेले छायाचित्र, रंगाची जात, डिकलांचा खर्च कोणाचा, जुना रंग काढताना बॉडी मोडल्यास भरपाई कोणाची, आणि काम केव्हा मिळणार, हे सारे लेखी असावे. आणि बॉडी पाठविण्यापूर्वी तिची सहाही बाजूंनी छायाचित्रे काढून, चेसिस व मोटर शक्य तर घरीच ठेवून, केवळ बॉडी पाठवावी.